जपानीत जागा विचारताना: ‘दोको देस का’च्या आधी आणि नंतर

जपानी शिकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच ‘वा दोको देस का’ पाठ होतं. ‘एकि वा दोको देस का?’ म्हणजे ‘स्टेशन कुठे आहे?’ वाक्य सोपं आहे आणि बरोबरही आहे. तरीही प्रत्यक्ष विचारायची वेळ आली की गाडी दोन ठिकाणी अडते. एक तर समोरच्याला आपण कशाबद्दल विचारतोय तेच कळत नाही, नाहीतर प्रश्न इतका सफाईदार निघतो की समोरचा भराभर पंधरा-वीस शब्दांचं उत्तर देतो आणि आपण ‘हाइ, हाइ’ म्हणत भलत्याच दिशेला चालू लागतो.

दुसरी अडचण जास्त घातक आहे. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: ज्याचं उत्तर आपल्याला झेपेल असाच प्रश्न विचारायचा. त्यासाठी कोणत्या क्रमाने काय करायचं ते पुढे दिलं आहे. क्रम मोडू नका. बहुतेक जण थेट चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

पायरी 1: आधी मात्रा सांभाळा

जपानीत प्रत्येक अक्षराला एक ठोका असतो, आणि स्वर लांबवला की आणखी एक ठोका वाढतो. देवनागरीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहिता येत नाहीत, त्यामुळे वही मराठीत लिहिणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. या लेखात एकच नियम पाळला आहे: ज्या स्वरापुढे अवग्रह (ऽ) आहे तो एक ठोका जास्त धरायचा, बाकी सगळे स्वर आखूड. ‘एकि’ मधला ‘ए’सुद्धा आखूडच. वहीत हीच खूण वापरा, पुढे फार उपयोगी पडेल.

ठोका चुकला तर काय होतं ते बघा.

- ‘ब्योऽइन’ म्हणजे रुग्णालय, ‘बियोऽइन’ म्हणजे केस कापायचं, सजायचं पार्लर. पहिल्यात चार ठोके, दुसऱ्यात पाच.
- ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बिऽरु’ म्हणजे बिअर.
- ‘चिज़ु’ म्हणजे नकाशा, ‘चिऽज़ु’ म्हणजे चीज.
- ‘कोको’ म्हणजे इथे, ‘कोऽकोऽ’ म्हणजे हायस्कूल.

तीन सूचना खास मराठी जिभेसाठी. आपला ‘च’ दोन प्रकारचा आहे: ‘चिमणी’तला आणि ‘चोर’मधला. जपानी ‘चोत्तो’ असं लिहिलेलं दिसलं की आपण नकळत ‘चोर’मधला च लावतो. म्हणून इथे ‘च्योत्तो’, ‘च्योऽमे’ असं लिहिलं आहे. ‘ज’चंही तसंच. ‘जिन्ज्या’ (देवस्थान) मधला ज्य हा ‘ज्योत’मधला, आणि नुक्ता दिलेला ‘ज़’ हा साधारण ‘जागा’मधला. तिसरं म्हणजे ‘फु’. आपला फ ओठ मिटून फुटतो, जपानी ‘फु’ मात्र गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठ न टेकवता येतो.

‘देसु’ आणि ‘मासु’ यांतला शेवटचा उ बोलताना जवळजवळ गळून पडतो, म्हणून ‘देस’, ‘मास’ असं लिहिलं आहे. हिरागाना वाचणाऱ्यांसाठी आणखी एक: विषय दाखवणारा ‘वा’ लिहिताना ‘हा’चं अक्षर वापरतात, पण वाचायचा ‘वा’च.

*तपासा:* टेबलावर बोटाने ठोके देत ‘ब्योऽइन’ आणि ‘बियोऽइन’ म्हणा. चार आणि पाच ठोके वेगळे ऐकू आले पाहिजेत. नसतील, तर पुढे जाऊ नका.

पायरी 2: कुठे जायचंय ते नाव पक्कं करा

प्रश्नाचं व्याकरण चुकलं तरी लोक समजून घेतात. ठिकाणाचं नाव चुकलं तर कोणीही काही करू शकत नाही. म्हणून घराबाहेर पडण्याआधी नाव तीन बाजूंनी तपासा.

पहिलं, स्टेशन नेमकं कोणतं. ‘ओसाका एकि’ आणि ‘शिन-ओसाका एकि’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) फक्त शिन-ओसाकाला थांबते. योकोहामा आणि शिन-योकोहामा यांचंही तेच. ‘शिन’ म्हणजे नवीन. हा एक शब्द गाळलात तर समोरचा अगदी बरोबर रस्ता सांगेल, पण चुकीच्या स्टेशनचा.

दुसरं, बाहेर कोणत्या दाराने पडायचं. मोठ्या जपानी स्टेशनात ‘स्टेशन कुठे’ याला फारसा अर्थ नसतो, ‘कोणतं देगुचि’ याला असतो. देगुचि म्हणजे बाहेर पडायची वाट. शिंजुकु स्टेशनाला अशा वाटा दोनशेहून जास्त आहेत. तोक्योऽ स्टेशनाची मारुनोउचि बाजू पश्चिमेला आणि याएसु बाजू पूर्वेला, चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर वळसा घालून यावं लागतं. दिशांचे चार शब्द पाठच करा: हिगाशि (पूर्व), निशि (पश्चिम), मिनामि (दक्षिण), किता (उत्तर). त्यांना ‘गुचि’ जोडलं की दार तयार होतं: हिगाशि-गुचि, निशि-गुचि.

तिसरं, पत्ता. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता रस्त्याने नव्हे, तर चौकोनी भागांनी चालतो: आधी वॉर्ड, मग वस्ती, मग च्योऽमे, मग गट आणि शेवटी इमारतीचा आकडा. तोक्योऽच्या एदोगावा वॉर्डातलं निशि-कासाइ भारतीय कुटुंबांमुळे आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे. तिथे कोणाकडे जायचं असेल तर ‘निशि-कासाइ 3-च्योऽमे’ हा रस्ता नसून एक तुकडा आहे हे लक्षात ठेवा. म्हणून ‘अमुक रोड कुठे आहे’ हा आपल्या सवयीचा प्रश्न तिथे बहुधा चालत नाही. त्याऐवजी यजमानांना आधीच विचारून ठेवा: ‘नानि का मेजिरुशि वा आरिमास का?’ म्हणजे ‘जवळ काही खूण आहे का?’ मेजिरुशि म्हणजे ओळखीची खूण: शाळा, पोस्ट, कोपऱ्यावरचं दुकान.

नेहमी लागणारी नामं अशी:

- तोइरे: शौचालय. जरा सभ्य शब्द ‘ओतेआराइ’.
- कोन्बिनि: चोवीस तास उघडं राहणारं छोटं दुकान.
- एऽ-तिऽ-एमु: एटीएम.
- काइसात्सु: तिकीट तपासायचं फाटक.
- नोरिबा: बस किंवा टॅक्सीत चढायची जागा.
- बासुतेऽ: बस थांबा.
- युऽबिन्क्योकु: पोस्ट.
- कोइन-रोक्काऽ: नाणं टाकून सामान ठेवायची कपाटं.
- एरेबेऽताऽ: लिफ्ट. ‘लिफ्ट’ म्हणालात तर बरेचदा कळणार नाही.

*सावधान:* इंग्रजीतून आलेले शब्द आपल्या उच्चारात टाकून काम भागेल असं समजू नका. हॉटेल तिथे ‘होतेरु’ होतं. शब्द जपानी ठोक्यात बसला नाही तर तो समोरच्याच्या कानाला परका वाटतो.

पायरी 3: माणूस निवडा आणि थांबा

विचारायला योग्य माणसं क्रमाने अशी: स्टेशनात एकिइन, म्हणजे गणवेशातले स्टेशन कर्मचारी, रस्त्यावर कोऽबान, म्हणजे छोटी पोलीस चौकी, आणि नाहीच तर कोन्बिनिचा काउंटर. कोऽबानमध्ये पत्ता विचारायला जाणं ही तिथली अगदी रोजची गोष्ट आहे, भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा असतो. पोलिसांकडे कशाला जायचं, हा आपला संकोच तिथे बाजूला ठेवा. घाईत चाललेल्या माणसाला थांबवण्यापेक्षा जागेवर उभ्या असलेल्याला विचारणं केव्हाही चांगलं.

मग म्हणा ‘सुमिमासेन’ (माफ करा). आणि इथे थांबा. समोरचा वळून ‘हाइ’ म्हणेल, नजर देईल, तोवर प्रश्न सुरू करायचा नाही. अनेक जण ‘सुमिमासेन-एकि-वा-दोको-देस-का’ असं एका दमात सोडतात. त्यात ‘एकि’ हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द समोरचा अजून वळायच्या आत निघून जातो.

पायरी 4: साचा निवडा

साचे चारच आहेत. कोणता केव्हा, एवढंच शिकायचं.

*साचा क: ती गोष्ट इथे आहे हे माहीत आहे, जागा माहीत नाही*

‘अमुक वा दोको देस का?’
तोइरे वा दोको देस का? (शौचालय कुठे आहे?)
निशि-गुचि वा दोको देस का? (पश्चिमेचं दार कुठे आहे?)

हेच ‘तोइरे वा दोको नि आरिमास का?’ असंही विचारता येतं. अर्थ तोच. पण दोन्हींची खिचडी करून ‘दोको नि देस का’ म्हणू नका. ‘देस’ असेल तर ‘नि’ नाही, ‘आरिमास’ असेल तर ‘नि’ हवा.

आता शेवटच्या ‘का’बद्दल. ‘येतोस का?’ मधला आपला का आणि जपानी का जागेनेही सारखा आणि कामानेही, त्यामुळे तो आपल्याला आयता सापडतो. पण एक फरक आहे. मराठीत प्रश्नार्थक शब्द आला की का गळतो: आपण ‘स्टेशन कुठे आहे?’ म्हणतो, ‘कुठे आहे का?’ म्हणत नाही. जपानी सभ्य बोलण्यात ‘दोको’ असूनही ‘का’ लावायचा असतो. मराठीच्या सवयीने तो गाळला तर वाक्य अर्धवट राहतं.

*साचा ख: ती गोष्ट जवळपास आहे की नाही हेच माहीत नाही*

‘कोनो हेन नि अमुक वा आरिमास का?’
कोनो हेन नि कोन्बिनि वा आरिमास का? (या भागात कोन्बिनि आहे का?)
कोनो हेन नि इन्दो-र्योऽरि नो मिसे वा आरिमास का? (जवळपास भारतीय जेवणाचं हॉटेल आहे का?)

‘कोनो हेन’ म्हणजे हा परिसर. पाठ्यपुस्तकात इथे ‘वा’ऐवजी ‘गा’ दिसेल, तेही बरोबर आहे. यावर डोकं खपवू नका. चूक होते ती वेगळीच: अनोळखी भागात उतरल्या उतरल्या लोक साचा क वापरतात. ‘कोन्बिनि वा दोको देस का’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, यांना कोणती तरी ठरावीक कोन्बिनि हवी आहे. मग तो उलट ‘दोनो कोन्बिनि देस का’, म्हणजे कोणती, असं विचारतो आणि आपण गोंधळतो.

*साचा ग: जागा नको, वाट हवी*

‘अमुक नि इकिताइ न देस गा…’

शब्दशः ‘मला अमुक ठिकाणी जायचंय, पण…’ आणि वाक्य इथेच सोडायचं. हे विचित्र वाटण्याचं कारण नाही. आपणही रिक्षावाल्याला ‘दादा, स्वारगेटला जायचं होतं…’ एवढंच म्हणून थांबतो, पुढचं तो समजून घेतो. ‘गा’ तेच काम करतो. थेट प्रश्नापेक्षा हे मऊ लागतं आणि अनोळखी माणसाशी बोलायला मला हाच साचा सगळ्यात चांगला वाटतो. मात्र उत्तरही सगळ्यात लांब येतं, म्हणून पायरी 6 तयार झाल्यावरच तो वापरा.

*साचा घ: एखादी गोष्ट कुठे करायची*

‘किप्पु वा दोको दे काएमास का?’ (तिकीट कुठे विकत मिळेल?)
‘दोको दे नोरिकाएमास का?’ (गाडी कुठे बदलायची?)
‘दोको दे ओरिमास का?’ (कुठे उतरायचं?)

इथे ‘नि’ नाही, ‘दे’ आहे. मराठी भाषकाची सगळ्यात चिवट चूक हीच. आपण ‘दुकानात आहे’ आणि ‘दुकानात खातो’ दोन्हीकडे एकच ‘-त’ लावतो. जपानीत वस्तू नुसती असेल तर ‘नि’, आणि काही घडत असेल, कोणी काही करत असेल तर ‘दे’. वाक्य बोलण्याआधी क्रियापदाकडे बघा: आरिमास, इमास असेल तर नि, खाणं, विकत घेणं, गाडी बदलणं असेल तर दे.

थोडं पुढे गेलेल्यांसाठी एक अपवाद. समारंभ, सभा, परीक्षा यांच्याबाबतीत ‘आरिमास’ असूनही ‘दे’ येतो, कारण तिथे वस्तू पडलेली नसते, काहीतरी घडत असतं. ‘शिकेन वा दोको दे आरिमास का?’ म्हणजे ‘परीक्षा कुठे आहे?’

आणि आरिमास की इमास? आपलं ‘आहे’ माणसालाही चालतं आणि छत्रीलाही. जपानीत वस्तू, इमारती, झाडं यांना आरिमास, माणसं आणि प्राणी यांना इमास. ‘सेन्सेऽ वा दोको नि इमास का?’ म्हणजे ‘बाई कुठे आहेत?’ इथे आरिमास म्हटलंत तर सेन्सेऽ वस्तू होतात. शंका असली तर ‘दोको देस का’ वापरा, तो दोन्हीकडे चालतो.

*दोको की दोचिरा?* हॉटेलचा स्वागतकक्ष, कार्यालय, वयस्कर अनोळखी माणूस, अशा ठिकाणी ‘दोचिरा देस का’ जास्त आदराचं. पण दोचिरा म्हणजे ‘कोणत्या बाजूला’ आणि ‘दोहोंपैकी कोणतं’ असंही होतं. सुरुवातीला स्वतः बोलताना दोको ठेवा. दोचिरा ऐकल्यावर कळलं की पुरे.

*सावधान:* हरवलात, तर ‘मी कुठे आहे?’ याचं शब्दशः ‘वाताशि वा दोको देस का’ करू नका, तसं कोणी म्हणत नाही. नकाशा पुढे धरा आणि म्हणा: ‘कोको वा दोको देस का?’ म्हणजे ‘ही जागा कोणती?’

पायरी 5: प्रश्न अरुंद करा

ही पायरी पुस्तकात नसते, पण मला विचाराल तर सगळ्या लेखातली मोलाची हीच. प्रश्न जितका मोकळा, तितकं उत्तर लांब. ‘दोको’ला उत्तर म्हणून काहीही येऊ शकतं. मात्र आकडा विचारलात तर आकडाच येतो.

- फलाट विचारायचा असेल तर: ‘क्योऽतो-इकि वा नान-बानसेन देस का?’ (क्योऽतोला जाणारी गाडी कितव्या फलाटावर?) उत्तर: ‘सान-बानसेन देस’, तिसरा.
- इमारतीतलं दुकान विचारायचं असेल तर: ‘अमुक वा नान-गाइ देस का?’ (कितव्या मजल्यावर?)
- वेळ विचारायचा असेल तर: ‘आरुइते नान-पुन देस का?’ (चालत किती मिनिटं?)
- नुसतं हो-नाही हवं असेल तर बोट दाखवून: ‘आचिरा देस का?’ (तिकडे का?)

मजल्यांबाबत एक गोष्ट पाठ करून ठेवा. आपला तळमजला तो त्यांचा इक्काइ, म्हणजे पहिला. आपला पहिला मजला तो त्यांचा निकाइ, म्हणजे दुसरा. ‘सान्गाइ देस’ ऐकून जिन्याचे तीन टप्पे चढलात तर एक मजला वर जाल. मोजणी अशी चालते: इक्काइ, निकाइ, सान्गाइ, योन्काइ, गोकाइ, रोक्काइ, नानाकाइ, हाक्काइ (हाचिकाइसुद्धा म्हणतात), क्युऽकाइ, ज्युक्काइ. जमिनीखालचा पहिला मजला ‘चिका इक्काइ’. मोठ्या दुकानांत खाण्याच्या वस्तू बरेचदा तिथेच असतात.

पायरी 6: उत्तरातले शब्द आधी पाठ, मग प्रश्न

उत्तर तीन प्रकारचं असतं.

*एका शब्दाचं.* कोको, सोको, आसोको. मराठीत ‘इथे’ आणि ‘तिथे’ अशी दोनच घरं, जपानीत तीन. कोको: बोलणाऱ्याजवळ. सोको: ऐकणाऱ्याजवळ, किंवा दोघांपासून अगदी थोड्या अंतरावर. आसोको: दोघांपासून लांब, पण दिसतंय असं. त्यामुळे समोरचा ‘सोको देस’ म्हणाला तर मान लांब करून क्षितिज धुंडाळू नका, ती वस्तू तुमच्या बाजूलाच असायची शक्यता जास्त. सभ्य रूपं कोचिरा, सोचिरा, आचिरा.

*एखाद्या गोष्टीच्या आधाराने दिलेलं.* इथे आपलं मराठी फार मदत करतं. ‘एकि नो माए’ म्हणजे ‘स्टेशनच्या समोर’. ‘नो’च्या जागी ‘च्या’ ठेवा, क्रम जसाच्या तसा. उलट केलंत, ‘माए नो एकि’, तर ‘समोरचं स्टेशन’ होतं, अगदी मराठीसारखंच. हे भाषांतर इंग्रजीतून फिरवून आणणारेच क्रम चुकवतात. मराठीतून सरळ जा.

माए (समोर), उशिरो (मागे), उए (वर), शिता (खाली), नाका (आत), सोतो (बाहेर), मिगि (उजवीकडे), हिदारि (डावीकडे), चिकाकु (जवळ), आइदा (मध्ये, दोहोंच्या दरम्यान).

तीन जोड्या नीट वेगळ्या करा. आपल्या ‘समोर’ला दोन शब्द आहेत: इमारतीच्या पुढ्यात असेल तर माए, रस्ता ओलांडून पलीकडे असेल तर मुकाइ. ‘शेजारी’लाही दोन: बँकेशेजारी पोस्ट, माणसाशेजारी माणूस अशा सारख्या जातीच्या गोष्टींना तोनारि, आणि कशाच्याही बाजूला काहीही असेल तर योको. इमारतीच्या मागच्या अंगाला ‘उरा’ म्हणतात, ‘बिरु नो उरा’ म्हणजे इमारतीमागे.

*चालायला लावणारं.* एवढे शब्द ऐकू यायला हवेत: मास्सुगु (सरळ), मागात्ते (वळून), वातात्ते (ओलांडून), कादो (कोपरा), शिन्गोऽ (सिग्नल), कोऽसातेन (चौक), हाशि (पूल), त्सुकिआतारि (रस्ता जिथे संपून समोर भिंत किंवा इमारत येते ती जागा). आणि मोजणी: हितोत्सु-मे (पहिला), फुतात्सु-मे (दुसरा), मित्त्सु-मे (तिसरा).

‘फुतात्सु-मे नो शिन्गोऽ ओ मिगि नि मागात्ते कुदासाइ’ म्हणजे ‘दुसऱ्या सिग्नलला उजवीकडे वळा’. पूर्ण वाक्य पकडायचा प्रयत्न करू नका. कानाने तीनच गोष्टी वेचा: कितवा, काय, कुठे वळायचं. फुतात्सु-मे, शिन्गोऽ, मिगि. बाकी सुटलं तरी पोचाल.

अंतराचं उत्तर बहुधा मिनिटांत येतं: ‘आरुइते गोफुन गुराइ देस’, चालत पाचेक मिनिटं. तिथल्या घरांच्या जाहिरातींत 80 मीटरला एक मिनिट असा हिशेब धरतात, त्यावरून अंदाज बांधता येतो.

*तपासा:* मिगि आणि हिदारि ऐकल्याबरोबर, विचार न करता, योग्य हात वर होतो का? दोन सेकंद लागत असतील तर अजून सराव हवा. रस्त्यावर तेवढा वेळ मिळत नाही.

पायरी 7: ऐकलेलं परत म्हणा

‘हाइ, हाइ’ म्हणत मान डोलवली की समोरचा समजतो, सगळं कळलं. मग तो आणखी वेगाने बोलतो. त्याऐवजी ऐकलेले दोन-तीन शब्द परत म्हणा आणि शेवटी ‘देस ने’ लावा: ‘फुतात्सु-मे, मिगि देस ने?’ बरोबर असेल तर ‘हाइ, सोऽ देस’ येईल. चूक असेल तर तो लगेच सुधारेल. या एका सवयीने निम्म्या चुका टळतात.

कळलं नाही तर लाजू नका: ‘सुमिमासेन, मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास’ (पुन्हा एकदा सांगाल का), ‘युक्कुरि ओनेगाइ शिमास’ (सावकाश सांगा).

समोरच्याला माहीत नसेल तर तो बहुधा ‘नाही’ म्हणत नाही. मान तिरकी करून ‘च्योत्तो…’ म्हणून थांबतो, किंवा ‘च्योत्तो वाकारिमासेन ने’ म्हणतो. हा नकारच आहे. पुढचं ऐकायला उभे राहू नका. ‘दाइज्योऽबु देस, आरिगातोऽ गोज़ाइमास’ म्हणून दुसऱ्याकडे जा.

पूर्ण प्रसंग

शिंजुकु स्टेशन. जायचंय तोचोऽला, म्हणजे तोक्योऽ महानगर सरकारच्या जुळ्या मनोऱ्यांच्या इमारतीत. तिथल्या 45 व्या मजल्यावरून, 202 मीटर उंचीवरून शहर फुकट बघता येतं. पुढचं बोलणं सरावासाठी रचलं आहे, नकाशा म्हणून वापरू नका.

तुम्ही: सुमिमासेन.
एकिइन: हाइ.
तुम्ही: तोचोऽ नि इकिताइ न देस गा… देगुचि वा दोको देस का?
एकिइन: तोचोऽ देस का. निशि-गुचि देस ने. मास्सुगु इत्ते, त्सुकिआतारि ओ हिदारि देस.
तुम्ही: मास्सुगु इत्ते, हिदारि देस ने?
एकिइन: हाइ, सोऽ देस.
तुम्ही: तोऽइ देस का? (लांब आहे का?)
एकिइन: इऽए, आरुइते ज्युप्पुन गुराइ देस.
तुम्ही: आरिगातोऽ गोज़ाइमाशिता.

यात साचा ग आणि साचा क एकामागोमाग आले आहेत. आधी हेतू सांगितला, मग प्रश्न दारापुरता अरुंद केला. ‘तोचोऽ वा दोको देस का’ विचारलं असतं तर एकिइनने दारापासून इमारतीपर्यंतची सगळी वाट सांगितली असती.

पायरी 8: सराव, पण उलट बाजूने

बहुतेक जण प्रश्न घोकतात. तुम्ही उत्तरं घोका. घरात कोणालाही, जपानी न येणाऱ्यालाही, एका कागदावर मिगि, हिदारि, मास्सुगु, हितोत्सु-मे, फुतात्सु-मे, कादो असे शब्द लिहून द्या. त्याने मनाला येईल तसे तीन शब्द वाचायचे आणि तुम्ही हॉलमधून चालत त्याप्रमाणे वळायचं. सोफा हा पहिला कादो, फ्रिज हा दुसरा.

मग दुसरा कागद: घरातल्या वस्तूंची जागा. ‘रेइज़ोऽको वा दोको देस का?’ (फ्रिज कुठे आहे?) उत्तर: ‘दाइदोकोरो नो नाका देस’ (स्वयंपाकघरात). जागा बदलत राहा आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘देस ने?’ लावून परत म्हणा. एन-5 (जपानी भाषेची सगळ्यात प्राथमिक पातळी) परीक्षा देणाऱ्यांनी मात्र उत्तर ‘देस’ने न संपवता ‘नि आरिमास’ने संपवायचाही सराव करावा. परीक्षेच्या कागदावर नि आणि दे यांची निवड असते, आणि रस्त्यावर खपून जाणारी चूक तिथे गुण घालवते.

निघायच्या आदल्या रात्री एका चिठ्ठीवर चारच ओळी लिहा: स्टेशनचं पूर्ण नाव, दाराचं नाव, जवळची मेजिरुशि आणि उतरायच्या जागेचा मजला किंवा आकडा. शक्य असेल तर यजमानांकडून किंवा हॉटेलकडून त्याच ओळी जपानी लिपीतही लिहून घ्या. ती चिठ्ठी खिशात ठेवा, पिशवीत नको. दोन्ही हातांत सामान असताना पिशवी उघडता येत नाही.